भरत नाही ती टाकी चांगली का?

घर बांधून झाले. मागच्या अंगाला संडास झाला. संडासाची टाकीही झाली. गवंडीमामांनी टाकीवर फरश्या बसवल्या, सांधे सिमेंटने लिंपले आणि थापी धुऊन ठेवली. घरधन्याने विचारले, "मामा, ही टाकी किती वर्षं पुरेल?"

मामा हसले. म्हणाले, "दादा, काळजीच नको. चांगली मोठी केलीय. खालचा तळ मोकळा ठेवलाय. तुमच्या नातवाचं लगीन होईल, पण टाकी भरायची नाय."

घरधनी खूश झाला. शेजारी घर पाहायला आले, त्यांनाही त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले, "आपली टाकी भरतच नाही!"

असे बोलणे आपल्याकडे गावोगाव ऐकू येते. २ ऑक्टोबर २०१४ ला देशात स्वच्छ भारत मोहीम सुरू झाली. सरकारी हिशेबाप्रमाणे पुढच्या ५ वर्षांत खेड्यांतून १० कोटींहून अधिक संडास बांधले गेले. पूर्वी ज्या घरातल्या बायका अंधाराची वाट पाहत, त्यांच्या दारी संडास झाला. हे फार चांगले झाले. पण संडास बांधला म्हणजे काम संपले असे नाही. मैला डोळ्यांआड झाला, एवढेच. तो गेला कुठे? टाकीत. आणि टाकीतून पुढे कुठे जातो? हे पुष्कळांना ठाऊक नसते. मामांची टाकी खरोखरच भरत नसेल, तर तिच्यातला मैला कुठेतरी जात असलाच पाहिजे. तो कुठे जातो, ते आपण पाहू. त्यासाठी आधी टाकीच्या पोटात काय चालते ते समजून घेतले पाहिजे.

टाकीच्या पोटात

ह्या टाकीचे नाव सेप्टिक टँक. आपल्याकडे बरेच लोक तिला "सेफ्टी टँक" म्हणतात. बोलताना शब्द वळतो, त्यात नवल नाही. पण सेफ्टी म्हणजे सुरक्षितपणा, आणि सेप्टिक म्हणजे सडवणारी. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ही टाकी सडवणारी आहे, हे नीट लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मैला आणि पाणी नळातून टाकीत येते. टाकीत पाणी संथ असते. त्यामुळे जे जड आहे ते तळाशी बसते. त्याला गाळ म्हणू. जे हलके आहे, तेलकट आहे, ते वर तरंगते. त्याची साय धरते. दुधावर धरते तशीच, पण घाणीची. मध्ये राहते ते मळकट पाणी. असे तीन थर होतात.

तळच्या गाळात कोट्यवधी सूक्ष्म जंतू असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना हवा लागत नाही. उलट, हवा नसेल तिथेच ते चांगले वाढतात. हे जंतू मैला खातात, सडवतात. त्यामुळे गाळ आकाराने कमी होतो आणि काही भागाचा वायू होतो. हा वायू बाहेर जावा म्हणून टाकीला उंच नळी लावलेली असते. पण सगळाच गाळ काही जंतू खाऊ शकत नाहीत. थोडा उरतोच. दर महिन्याला थोडा, दर वर्षाला थोडा, असा तो तळाशी साचत जातो.

आता एक गंमत पाहा. चांगली सेप्टिक टाकी पहिल्या दिवसापासून भरलेलीच असते! नवी टाकी वापरात आणण्याआधी ती पाण्याने काठोकाठ, म्हणजे बाहेर जाणाऱ्या नळाच्या तोंडापर्यंत भरायची असते. जंतूंची सुरुवात व्हावी म्हणून जुन्या टाकीतला थोडा गाळ तिच्यात घालतात. तो नसेल तर थोडे कुजलेले शेणही चालते. मग संडासातून एक बादली पाणी आत आले, की दुसऱ्या बाजूने एक बादली बाहेर जाते. तेव्हा टाकीत पाणी दिसले म्हणून "टाकी भरली हो!" अशी ओरड करायचे कारण नाही. पाण्याने ती भरलेली असायचीच. गाळाने किती भरली, हे पाहायचे असते.

टाकीत येणारा नळ आणि बाहेर जाणारा नळ, दोन्हींना आतल्या बाजूला इंग्रजी टी अक्षरासारखा तुकडा लावतात. त्याचे खालचे तोंड पाण्यात बुडलेले असते. येणाऱ्या मैल्याने पाणी घुसळू नये आणि वरची साय बाहेर जाऊ नये, म्हणून ही सोय. तुकडा दोन पैशांचा, पण गवंडी तो विसरतात. मग साय पुढे जाऊन सगळे तुंबते. टाकी २ हजार लिटरांहून मोठी असेल तर मध्ये एक आडवी भिंतही हवी. पहिला कप्पा मोठा, दुसरा त्याच्या निम्मा.

आणि टाकी असावी तरी केवढी? लोकांना वाटते, जितकी मोठी तितकी बरी. भारतीय मानक ब्युरोने मापे ठरवून दिली आहेत. घरात ५ माणसे असतील तर आतून सुमारे ५ फूट लांब आणि अडीच फूट रुंद टाकी पुरते. तिच्यात पाणी सुमारे सव्वातीन ते साडेतीन फूट खोल असावे आणि पाण्याच्या वर एक फूट जागा मोकळी. १० माणसांना साडेसहा फूट लांब आणि ३ फूट रुंद टाकी चालते. दोन वर्षांनी उपसायची असेल तर पाणी साडेचार फूट खोल हवे. एवढेच. खोलीएवढी टाकी बांधून तिच्यावर हजारो रुपये घालवायचे कारण नाही. ते पैसे टाकीच्या तळाला आणि शोषखड्ड्याला घालावेत.

तळाची गोष्ट

इथे आपण मामांच्या टाकीशी येऊन पोचलो. मामांनी तळ मोकळा ठेवला होता. म्हणजे खाली काँक्रीट नाही, नुसती जमीन. अशा टाकीत पाणी साठतच नाही. ते आत येते आणि तसेच जमिनीत उतरते. पाणी नाही, तर तीन थर होत नाहीत. मैला नीट सडत नाही. मैल्याचे कच्चे पाणी सरळ खाली, आणि खालून जिकडे वाट सापडेल तिकडे.

तिला वाट कुठे सापडते? पुष्कळदा विहिरीत. नाहीतर कूपनलिकेत.

कोकणात जांभा दगड असतो. त्यात भोके आणि फटी फार. देशावर मुरमाखाली काळा पाषाण असतो. तो अखंड दिसला तरी त्यालाही चिरा असतात. चिरेतून गेलेले पाणी गाळले जात नाही. जसे आत गेले तसेच ते दूरवर निघते. विहिरीचे पाणी दिसायला स्वच्छ असते. चवही बदलत नाही. पण त्याच पाण्यातून हगवण, विषमज्वर, कावीळ, पटकी ह्या रोगांचे जंतू घरात येतात. पहिला पाऊस झाला की गावात जुलाब सुरू होतात. लोक म्हणतात, "नवं पाणी बाधलं." पाणी नवे असते खरे, पण त्यात मिसळलेले पुष्कळदा आपलेच जुने असते.

तेव्हा ज्या टाकीबद्दल घरधनी अभिमानाने सांगतो की ती भरत नाही, ती टाकी नसून भोक पडलेले भांडे आहे. शेजाऱ्यांनी तिचे कौतुक करण्याऐवजी आपली विहीर तपासून घ्यावी.

टाकीचा तळ आणि भिंती पक्क्या हव्यात. आतून सिमेंटचा गिलावा हवा. थेंब गळता कामा नये. मग बाहेर जाणारे पाणी कुठे सोडायचे? शोषखड्ड्यात. निदान ३ फूट रुंद आणि नळाच्या खाली ३ फूट खोल असा खड्डा घ्यावा. त्यात विटा कोरड्या रचाव्यात, म्हणजे सांध्यांत सिमेंट भरायचे नाही. किंवा दगड-गोटे भरावेत. पाणी बाजूच्या मातीत हळूहळू मुरते. माती ते गाळते, आणि मातीतले जंतू उरलेली घाण संपवतात. हा खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटर तरी दूर हवा. म्हणजे सुमारे ६० फूट, जुन्या मापाने ४० हात. घरापासून २० फूट दूर असावा. जमीन उताराची असेल तर विहीर वरच्या अंगाला आणि खड्डा खालच्या अंगाला असावा. जिथे दगडाला चिरा आहेत, तिथे ६० फूटही कमी पडतात.

काळ्या मातीची तऱ्हा उलटी. ती पाणी पिते, पण थोडेच. एकदा फुगली की पुढे घेत नाही. तिथे शोषखड्डा पावसाळ्यात तुंबतो आणि संडासाचे पाणी मागे सरते. अशा ठिकाणी टाकीला जोडून खडीची गाळण टाकी करतात. तिच्यात पाणी खालून शिरते आणि खडीतून वर चढते. चढता चढता गाळले जाते. खर्च थोडा जास्त, पण काळ्या रानात दुसरा चांगला उपाय नाही.

शहरात आणि मोठ्या गावांत मात्र वेगळाच प्रकार दिसतो. जागा नाही म्हणून शोषखड्डा करतच नाहीत. टाकीचा नळ सरळ रस्त्याकडेच्या उघड्या गटारात सोडतात. लोकांना वाटते, टाकीतून गेलेले पाणी शुद्ध झाले. ते शुद्ध झालेले नसते. त्यातला जाड मैला तेवढा कमी झालेला असतो. रोगाचे जंतू जिवंतच असतात. त्याच गटाराच्या काठी पोरे गोट्या खेळतात आणि गोटी गटारात पडली की हात घालून काढतात.

ज्यांच्याकडे परसात जागा आहे आणि माणसे थोडी आहेत, त्यांनी सेप्टिक टाकीच्या फंदात न पडता दोन खड्ड्यांचा संडास बांधावा, असे आम्हांला वाटते. एक खड्डा भरला की तो बंद करून मैला दुसऱ्यात सोडायचा. पहिला वर्षभर, जमल्यास दीड वर्ष, तसाच झाकून ठेवायचा. तोवर त्यातल्या मैल्याची माती होते. तिला घाण येत नाही. चांगले खत होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावी केंद्र सरकारच्या सचिवांनी स्वतः अशा खड्ड्यात उतरून हे खत हाताने काढून दाखवले. पण सावध! ही गोष्ट वर्षभर विसावलेल्या खड्ड्याची आहे. सेप्टिक टाकीची नाही. सेप्टिक टाकीत कोणी कधीही उतरायचे नाही. का, ते पुढे येईलच.

रोजच्या कुरबुरी

टाकी नीट बांधली तर ती फार त्रास देत नाही. जो त्रास होतो, त्याची कारणे बहुतेक घरातच सापडतात.

संडासात घाण वास येतो. मग लोक फिनेलची बाटली रिकामी करतात. थांबा. आधी भांड्याखालच्या वळणात पाणी आहे का ते पाहा. भांड्याखाली नळाला बाक दिलेला असतो. त्या बाकात नेहमी थोडे पाणी उभे राहते आणि तेच टाकीतला वायू घरात येऊ देत नाही. आठ-पंधरा दिवस घर बंद असले की हे पाणी सुकते. एक तांब्या पाणी ओतले की वास जातो. तरी गेला नाही तर वायूची नळी पाहा. ती तुटली आहे काय? खिडकीच्या उंचीवरच संपली आहे काय? घराला लागून टाकी असेल तर ही नळी छपराच्याही वर ६ फूट न्यावी.

त्याच नळीतून डास बाहेर पडतात. सेप्टिक टाकी म्हणजे क्युलेक्स जातीच्या डासांचे माहेरघर. हत्तीरोग पसरवणारे डास हेच. नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. जाळी नसेल तर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा किंवा नायलॉनचे पातळ कापड सुतळीने घट्ट बांधले तरी काम होते. वायू बाहेर जातो, डास आतच राहतात. झाकणाच्या फटीही बुजवाव्यात. खर्च जवळजवळ काहीच नाही, पण गावभर पाहा, दहांतल्या आठ नळ्या उघड्या दिसतील.

पाणी लवकर उतरत नाही. एकाच संडासाचे उतरत नसेल तर त्याच्या नळात काही अडकले आहे. सगळ्या घराचेच उतरत नसेल तर टाकीत गाळ झाला आहे किंवा शोषखड्डा तुंबला आहे. अडकते काय? कापडाच्या चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, केसांचे गुंतवळ, लहान मुलांचे डायपर, बायकांचे पॅड. ह्यांतले काहीही सडत नाही. जंतू ते खात नाहीत. पॅड भांड्यात टाकण्याचे कारण बहुधा लाज हे असते. घरात माणसे असतात, कचऱ्यात कुणाला दिसेल असे पोरीला वाटते. म्हणून आईने संडासात झाकणाचा एक डबा आणि जुनी वर्तमानपत्रे ठेवून द्यावीत. कागदात गुंडाळून डब्यात टाकता येते आणि कुणी काही विचारत नाही.

खरकटे आणि तळणीचे उरलेले तेल टाकीत जाऊ देऊ नये. अॅसिडच्या बाटल्या ओतू नयेत. भांडे घासायला थोडे फिनेल चालते, पण बाटलीभर ओतले तर जे जंतू आपले काम फुकट करतात त्यांनाच आपण मारतो. पावसाच्या पन्हळीचे पाणी टाकीत कधीही सोडू नये. न्हाणीचे आणि धुण्याचे पाणीही लहान टाकीत नको. फार पाणी एकदम आले की गाळ ढवळला जातो आणि शोषखड्ड्यात जातो. ते पाणी परसातल्या केळीला द्यावे. केळ आनंदाने पिते.

बाजारात पुड्या मिळतात. "ही पूड टाका, टाकी उपसायला नको," असे दुकानदार सांगतो. पैसे वाया घालवू नका. जंतू मैल्यातच भरपूर असतात. पुडीने तळचा गाळ नाहीसा होत नाही.

उपसायची केव्हा?

साधारण २ ते ३ वर्षांनी. संडास तुंबेपर्यंत वाट पाहू नये. तुंबला म्हणजे गाळ शोषखड्ड्यात जाऊन पोचलेला असतो, आणि मग टाकी उपसूनही खड्डा पाणी घेत नाही.

गाळ किती झाला हे पाहायचे असेल तर एक लांब काठी घ्यावी. तिच्या खालच्या भागाला पांढरे फडके गुंडाळावे. झाकण काढून थोडा वेळ दूर उभे राहावे. मग काठी तळापर्यंत सोडून थोडी थांबवून वर काढावी. जिथपर्यंत फडके काळे दाट भरले आहे, तिथपर्यंत गाळ. वरची साय आणि खालचा गाळ मिळून निम्म्या खोलीवर आले असतील तर उपसणे आले. हे करताना भोकावर वाकू नये. जवळ बिडी, काडी, कंदील काही नको. लहान मुलांना दूर ठेवावे. झाकण काम होताच बसवावे. अर्धवट झाकणाच्या टाकीत पोरे आणि गुरे पडतात.

उपसण्याचे काम यंत्राच्या गाडीचे. तिच्यावर टाकी असते आणि पंप असतो. जाड नळी टाकीत सोडतात, पंप गाळ ओढून घेतो. माणसाला आत जावे लागत नाही. नगरपालिकेकडे अशी गाडी असते, खासगीही मिळते. घराशेजारी गाडी येईल अशी वाट ठेवावी. आणि टाकीच्या झाकणावर घोटीव फरशी बसवू नये, की ओटा बांधू नये. नंतर झाकण कुठे आहे तेच कळत नाही. मग पहारीने अंगण फोडावे लागते.

गाडी भर पावसाळ्यात बोलावू नये. जमिनीत पाणी वर आलेले असते. रिकामी झालेली हलकी टाकी, विशेषतः प्लॅस्टिकची, त्या पाण्याने वर उचलली जाते आणि नळ तुटतात. हिवाळा किंवा उन्हाळा बरा. उपसताना तळाशी बोटभर गाळ राहू द्यावा. दुधाला विरजण लागते ना, तसा तो पुढच्या कामाला लागतो. टाकी धुऊन चकचकीत करायची नसते. उपसून झाल्यावर ती पुन्हा पाण्याने भरून ठेवावी.

गाडीवाल्याला एक प्रश्न जरूर विचारावा, "दादा, हे नेऊन ओतणार कुठे?" तो ओढ्याचे नाव सांगेल तर त्याला थांबवावे. आपल्या घरची घाण दुसऱ्या गावाच्या पाण्यात टाकायला आपण पैसे द्यायचे काय? सातारा जिल्ह्यातल्या वाई नगरपालिकेने ह्या बाबतीत चांगला रस्ता दाखवला. २०१८ साली तिथे ठरले, की घरमालकाने बोलावण्याची वाट पाहायचीच नाही. प्रत्येक घराची टाकी ३ वर्षांतून एकदा पाळीप्रमाणे उपसायची. खर्च स्वच्छता करातून. आणि गाळ कृष्णेत न सोडता त्यासाठी बांधलेल्या केंद्रात न्यायचा. नाशिक जिल्ह्यात सिन्नरलाही अशी पाळी लावली गेली. तुमच्या गावात अशी सोय नसेल तर ग्रामसभेत विषय काढता येतो. एका घराला गाडी दुरून बोलावणे महाग पडते. वीस घरांनी मिळून बोलावली तर परवडते.

माणूस आत उतरवायचा नाही

आता सगळ्यांत महत्त्वाचे. टाकीत मैला सडतो तेव्हा वायू तयार होतात, हे आपण पाहिले. त्यांत एक मिथेन. तो पेट घेतो. दुसरा कार्बन डायऑक्साइड. तिसरा हायड्रोजन सल्फाइड. हा तिसरा फार विषारी. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार असला तर नाक बधिर होते आणि वास येतच नाही. आत उतरणाऱ्याला वाटते, वास नाही, म्हणजे धोका नाही. दोन-चार श्वास घेतो आणि कोसळतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

आणि मग जे होते ते फार वाईट. वर उभा असलेला भाऊ म्हणतो, "अरे, त्याला चक्कर आली!" आणि धावून आत उतरतो. तोही पडतो. त्याच्यामागे मुलगा उतरतो. वर्तमानपत्रांत अशा बातम्या वारंवार येतात. एकाच टाकीत दोन, तीन, चार माणसे. पहिला कामासाठी उतरलेला, बाकीचे त्याला वाचवायला गेलेले. मायेपोटी गेलेली ही माणसे. त्यांना कुणी आधी सांगितले असते, तर ती वाचती.

"आम्ही आधी कंदील सोडून बघतो," असे काही जण म्हणतात. विहिरीत उतरताना जुनी माणसे असे करत. पण सेप्टिक टाकीत ही परीक्षा कामाची नाही. दिवा जळत असला तरी तिथे जीव घेण्याएवढे विष असू शकते. आणि मिथेन असला तर दिव्यानेच भडका उडतो. झाकण रात्रभर उघडे ठेवले म्हणूनही टाकी सुरक्षित होत नाही. काठीने गाळ ढवळला की त्यात कोंडलेला वायू एकदम सुटतो. तोंडाला ओला रुमाल बांधणे हा तर निव्वळ भ्रम आहे.

नव्या, न वापरलेल्या टाकीतही धोका असतो, हे थोड्यांनाच ठाऊक आहे. स्लॅब टाकल्यावर आतल्या फळ्या काढायला मजूर उतरतो. बंद टाकीत ओल्या लाकडाने हवेतला प्राणवायू संपवलेला असतो. तिथेही माणसे गुदमरून गेली आहेत.

आपल्या समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या लोकांवर लादले. आजही टाकी तुंबली की घरधनी वस्तीवर जातो, पाचशे-हजार रुपये दाखवतो, आणि एखादा गरजू माणूस तयार होतो. त्याला दारू पाजून उतरवणारेही आहेत. मग तो मेला, तर "त्यानं स्वतःहून काम घेतलं होतं" असे म्हणून मोकळे होतात. कायदा असे म्हणू देत नाही. १९९३ मध्ये पहिला कायदा झाला, आणि २०१३ मध्ये त्याहून कडक दुसरा. यंत्रे आणि संरक्षक साधने न देता माणसाला सेप्टिक टाकीत किंवा गटाराच्या भुयारात उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केला तर ५ वर्षे आणि ५ लाखांपर्यंत. हा कायदा फक्त नगरपालिकेला आणि ठेकेदाराला नाही. घरमालकालाही आहे. असे काम करताना जे मेले, त्यांच्या घरच्यांना १० लाख रुपये द्यावेत असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. ज्यांच्या घरात असे घडले आहे, त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. ही भीक नव्हे, त्यांचा हक्क आहे.

आणि जो हे काम मागायला येतो, त्याला काय सांगावे? "भाऊ, आत उतरायचं काम माझ्या घरी नाही." पैसे द्यायचेच असतील तर झाडलोटीचे, बागेचे दुसरे काम द्यावे.

एवढे करूनही कुणी टाकीत पडलाच तर? त्याच्यामागे उतरू नका. कितीही जवळचा असो, उतरू नका. बाकीच्यांनाही धरून ठेवा. टाकीची सगळी झाकणे उघडा. आग, विडी, दिवा दूर करा. त्याच्या अंगाला दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढून काढा. माणूस शुद्धीवर असेल तर त्याच्याकडे दोर फेका. लगेच ११२ ला फोन करा, किंवा अग्निशामक दलाला १०१ वर. त्यांच्याकडे पाठीवर हवेची टाकी बांधून उतरणारी माणसे असतात. रुग्णवाहिकेसाठी १०८. वर काढलेल्या माणसाला मोकळ्या हवेत निजवा, आणि तो बोलू लागला तरी दवाखान्यात न्याच.

हे तीन आकडे आजच घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. तुम्हांला आता लिहिता येते. तिथेच टाकी शेवटची केव्हा उपसली ती तारीख लिहा, आणि तिच्याखाली पुढची तारीख. भिंत रंगवायला काढाल तेव्हा आधी ते वहीत उतरून घ्या.